निरंक घराचा तडा

ही गोष्ट कुणाला खरी वाटणार नाही, आणि कुणाला वाटलीच तर सांगण्यात कुठंतरी चूक झाली असं समजावं. मुरुम गावच्या एका बोळात एक शहाणासुरता, पेन्शनीत निघालेला माणूस आपल्या घराला तडा जात नाही म्हणून ताटावरून उठला होता, असं सांगितलं की ऐकणारा आधी सांगणाऱ्याच्या तोंडाचा वास घेतो. पण घडलं ते घडलं. साक्षीला अख्खा बोळ आहे, आणि त्या बोळातली माणसं एका वेळी एकच खोटं बोलतात, दोन बोलत नाहीत.

माणसाचं नाव कल्याणप्पा. हायस्कुलात एकतीस वर्षं त्यांनी चित्रकला शिकवली. गावातल्या दोन पिढ्यांनी त्यांच्या हाताखाली मडकं, केळीचा घड आणि पावसाळ्यातला देखावा काढला, आणि मडक्याला छटा नीट दिली नाही म्हणून त्याच दोन पिढ्यांनी हातावर पट्ट्याही खाल्ल्या. अख्खं गाव त्यांना सर म्हणतं. बायको शांताक्का तेवढी 'अवो' म्हणते, आणि त्या दोन अक्षरांत सगळी सेवापुस्तिका येते.

सरांचं घर एकमजली, दगड-विटांचं. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर बांधलेलं. त्या भूकंपानं या भागातल्या माणसाला एक सवय लावून ठेवली आहे: कुणाच्याही घरात शिरलं की यजमानाच्या तोंडाआधी भिंतीकडं बघायचं. सोयरीक जमवायला आलेला पाहुणासुद्धा पोरीच्या आधी छताचा कोपरा बघून घेतो. तर अशा मुलखात सरांनी गफार मिस्त्रीकडून घर बांधून घेतलं. जोत्यापाशी एक, खिडकीखाली एक, खिडकीवर एक आणि छताखाली एक असे सिमेंट-सळईचे चार पट्टे गफारनं भिंतींना आवळले. तेव्हापासून तीस वर्षं केसभर तडा नाही.

आणि या न गेलेल्या तड्यावरच सरांचा संध्याकाळचा ओटा चालायचा. सहा वाजले की पाच-सात माणसं सरांच्या ओट्यावर येऊन टेकायची. शांताक्का चहा करायची आणि सर घर सांगायचे. तीस वर्षांत त्या घरानं ओट्यावर बसल्या बसल्या सात वादळं, दोन विजा आणि एक उधळलेला ट्रॅक्टर अंगावर घेतला होता. यातला ट्रॅक्टर खरा होता. तो उधळला मात्र नव्हता, मागं घेताना जरा टेकला होता. पण ऐकणाऱ्यांना त्याचं काही नव्हतं. माणसं ऐकायची, आणि माणसं ऐकतात एवढ्यावर सरांची पेन्शन गोड लागायची.

समोरच्या घरात सिद्धाराम राहायचा, भुसार मालाचा व्यापारी. मनानं सरळ, हातानं सढळ, आणि म्हणूनच सरांना तो सोसवत नसे. वाईट शेजाऱ्याचा हेवा करणं सोपं असतं, चांगल्या शेजाऱ्याचा करायला अंगात चिकाटी लागते. तीन वर्षांपूर्वी सिद्धारामनं घरावर मजला चढवला. पुढून फरशा, चकाकणारा स्टीलचा कठडा, निळ्या काचा. त्या दिवसापासून सरांनी ओट्यावरची आपली खुर्ची उत्तरेकडं फिरवली. कारण विचारलं तर म्हणायचे, "उत्तरेचा उजेड डोळ्याला चांगला असतो. चित्रकाराला विचारा."

आणि मग तो सप्टेंबर आला. पावसानं असा ताळ सोडला की बेन्नीतुरा नदी पुलावरून गेली, शेतातलं सोयाबीन उभ्याउभ्या कुजलं आणि बोळातल्या बेडकांनासुद्धा सर्दी झाली. एका सकाळी सिद्धारामच्या घरातून ओरडा आला. नव्या मजल्याच्या जिन्याच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला होता, आणि तड्यातून पाणी पाझरत होतं.

सर सगळ्यांत आधी पोचले. कपाळाला आठ्या घालून त्यांनी तडा बघितला, मान हलवली, "च्च, च्च, च्च" असं तीनदा म्हणाले आणि घरी येऊन शांताक्काला म्हणाले, "अगं, आज चहात गूळ जरा जास्त टाक."

हा आनंद दोन दिवस टिकला.

तिसऱ्या दिवशी गफार मिस्त्री सिद्धारामकडं आला आणि त्यानं तड्यावर तीन ठिकाणी काचेच्या पट्ट्या आडव्या चिकटवल्या. भूकंपानंतर इकडं हे सगळ्यांना माहीत झालेलं आहे. तडा जागच्या जागी असला तर काच शाबूत राहते, तडा वाढत असला तर काच फुटते. झालं! रोज सकाळी अख्खा बोळ तोंड धुतलं की काच बघायला सिद्धारामकडं. फुटली का? अजून न्हाय. वरची फुटंल आधी. छ्या, मधली फुटंल. सिद्धारामनं बिचाऱ्यानं आल्या माणसाला सतरंजी टाकली. चहा ठेवला. मग चहाबरोबर चिवडा ठेवला. आणि सकाळी आलेली माणसं संध्याकाळीही येऊ लागली.

सरांच्या ओट्यावर एकटा धोंडीबा उरला. तो एका कचेरीतून शिपाई म्हणून निवृत्त झालेला, आणि तोही उरला तो गुडघ्यामुळं. चौथ्या दिवशी गुडघ्याला आराम पडला.

"सर, चला की. काच बघून येऊ," धोंडीबा उठता उठता म्हणाला.

"काचेत काय बघायचं? घरात आरसा न्हाय का तुझ्या?"

"आरशात लई वर्षं त्येच दिसतंय वो. हितं आज-उद्या फुटंल म्हनत्यात."

सर एकटे राहिले. पहिल्यांदाच त्यांनी खुर्ची उत्तरेकडून समोर फिरवली. समोरच्या ओट्यावर अकरा माणसं होती. त्यांनी दोनदा मोजली.

एवढ्यावर भागलं असतं, पण त्याच आठवड्यात नुकसानीची पाहणी करणारं पथक आलं. पथकाची प्रमुख इंजिनिअर महेश्वरी, सरांचीच विद्यार्थिनी. सरांनी धोतर बदललं, शांताक्काला पोहे करायला सांगितले. महेश्वरी आधी सिद्धारामकडं गेली. तिथं दीड तास! टॉर्च, टेप, ओल मोजायचं यंत्र. भिंतीला टेकवलं की ते टुंई टुंई वाजायचं आणि प्रत्येक टुंईला बोळ "आऽ" म्हणायचा. मग ती सरांकडं आली, पाया पडली, यंत्र चार भिंतींना टेकवलं. यंत्र मुकाट. तिनं वर पाहिलं, खाली पाहिलं आणि वहीत एक शब्द लिहिला.

"काय लिहिलं गं?"

"निरंक, सर. म्हणजे काहीच नाही. घर एकदम ठणठणीत आहे तुमचं."

"पोहे?"

"नको सर, अजून चाळीस घरं आहेत. जिथं काही नाही तिथं थांबायला वेळच नाही बघा."

निरंक! एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी हा शब्द हजेरीपुस्तकात, रजेच्या अर्जात, चौकशीच्या उत्तरात हजारदा लिहिला होता. पण तो एक दिवस उठून आपल्या दारात येईल, आपल्याच विद्यार्थिनीच्या हातून येईल आणि पोह्यांना हात न लावता निघून जाईल, असं त्यांना वाटलं नव्हतं. त्या दिवशी सर ताटावरून उठले.

"अवो, लोक तडा जाऊ नये म्हनून नवस बोलत्यात," शांताक्का म्हणाली.

"लोकांच्या ओट्यावर लोक बसतात म्हणून बोलतात."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पलंगावर टेबल ठेवलं, टेबलावर चढले आणि मधल्या खोलीच्या भिंतीवर छताच्या खालून एक तडा काढायला घेतला.

आता चित्रकलेच्या शिक्षकाचं दुःख काय असतं, ते इतर विषयांच्या शिक्षकांना कळायचं नाही. गणिताचा शिक्षक बाजारात हिशेब करतो, मराठीचा शिक्षक सत्कारात बोलतो. चित्रकलेच्या शिक्षकानं निवृत्तीनंतर करायचं काय? त्याचा हात नुसता वळवळत राहतो. तो सगळा वळवळ करणारा हात सरांनी त्या तड्यात ओतला. मधे काळसर रेघ, कडेला राखाडी, एका बाजूला बारीक उजेड, दुसऱ्या बाजूला सावली. मधेच फुटलेलं नख वाटावं असं सुटलेलं गिलाव्याचं टोक. खाली उतरून त्यांनी वर पाहिलं आणि आपल्याच घराची त्यांना भीती वाटली. हाताला जे पाहिजे होतं ते साधलं होतं.

मग त्यांनी ओट्यावर येऊन हाक मारली, "धोंडीबा! जरा बघ रे येऊन. मला वाटतं आमचंबी घर गेलं."

बोळ आला. बोळानं वर बघितलं. म्हातारी रुद्रम्मा, जिला पुढच्या घराचं दार दिसत नाही, ती म्हणाली, "अगाई! दिसतुया की मला हितनं." धोंडीबा म्हणाला, "सिद्धारामचा तडा सरळ हाय, ह्यो वाकडा हाय. वाकडा तडा लई वाईट." सरांनी नम्रपणानं मान खाली घातली. त्या संध्याकाळी ओट्यावर चार माणसं होती.

पण तडा काढणं सोपं, तो पाळणं अवघड. पहिल्या तड्याला सरांनी शाळेतला उरलेला पाण्याचा रंग वापरला होता. आता पाण्यानं गेलेल्या तड्याला ओल पाहिजेच, म्हणून त्यांनी वरून तांब्याभर पाणी सोडलं. तडा वितळून गालावरच्या काजळासारखा खाली आला. पुसून पुन्हा काढावा लागला, या खेपेला तैलरंगात. मग भिंतीला ओली पोती लावली. त्या भिंतीला ज्वारीचं पोतं टेकवलेलं होतं, हे लक्षात राहिलं नाही. चार दिवसांत ज्वारीला मोड आले, आठव्या दिवशी पोत्याच्या शिवणीतून हिरवी पात बाहेर आली, आणि शांताक्कानं ती खुरप्यानं कापून गल्लीतल्या शेळीला घातली. शेळी त्यानंतर दार सोडीना. शिवाय पाणी विजेच्या बटणात गेलं आणि पंखा लावला की रेडिओ सुरू होऊ लागला. हे शेवटचं जरा वाढवून सांगितलं असेल, पण पंखा बंद पडला होता एवढं खरं.

काचेच्या पट्ट्या सरांनी स्वतःच चिकटवल्या. गफारला वर चढू देणं परवडणारं नव्हतं. पण गफार मिस्त्री यायचा तो आलाच. सत्तरीचा माणूस, सायकलवरून. दारातूनच त्यानं वर पाहिलं आणि त्याच्या तोंडातलं पान जागच्या जागी थांबलं.

"सर, ये क्या हुआ?"

"तडा गेला, गफार."

"मेरे पट्ट्याला?" गफारनं खालची भिंत गिलाव्याच्या करणीच्या मुठीनं ठोकली. खण्ण वाजलं. दुसरीकडं ठोकली. खण्ण. "सर, भिंत तर तांब्यागत वाजतीया. आदमी तुटंल, पन ह्यो पट्टा तुटायचा न्हाय."

"तुटलाय की पण! डोळ्यानं दिसतंय ना!" सर चिडून म्हणाले. स्वतःच्या घराविरुद्ध असं भांडताना त्यांनी कधी स्वतःलाच ऐकलं असतं, तर हातावर मारायची पट्टी काढली असती. "तीस वर्षांत कुठंतरी वाळू जास्त पडली असेल. माणूस आहे, चुकतो."

गफार बाहेर गेला. पान थुंकून आला, कट्ट्यावर बसला, म्हणाला, "तीस साल मी सगळ्याला सांगत आलो. जाके देखो, कल्याणप्पा सरका घर देखो." मग सायकल हातानं ढकलत गेला, बसून गेला नाही. सरांना जरासं टोचलं. पण ओट्यावर त्या संध्याकाळी सात माणसं होती, आणि सात माणसांत टोचणी बसायला जागा नसते.

रोज पहाटे सर तडा चार बोटं वाढवायचे. एखादा फाटा, एखादी केसाएवढी रेघ. बोळ रोज नवा फाटा बघून हळहळायचा. "काय तडा हाय वो!" म्हणायचा. इथं मात्र एक चमत्कारिक गोष्ट झाली. जन्मात पहिल्यांदा सरांचं काम बघायला माणसं रांग लावून येत होती, आणि कौतुक सगळं तड्याचं चाललं होतं, काढणाऱ्याचं नाव कुणी घेत नव्हतं. सिद्धारामचा हेवा करून झाला होता, आता सरांना आपल्याच तड्याचा हेवा वाटू लागला. एकदा तर त्यांनी खाली कोपऱ्यात सही करायला कुंचला टेकवलाच होता. शांताक्का खोकली म्हणून राहिलं.

आणि नेमकी त्याच आठवड्यात, गुरुवारी, सिद्धारामची मधली काच फुटली. टच्च! बोळात अशी धावपळ झाली की जणू कुणाला मुलगा झाला. सिद्धाराम अर्धा रडवेला आणि अर्धा फुशारलेला, सगळ्यांना चिवडा वाढत होता. संध्याकाळी सरांच्या ओट्यावर परत एकटा धोंडीबा, आणि त्याच्याही ताटलीत समोरचा चिवडा.

सरांनी अडकित्त्यानं आपल्या तीनही काचा फोडल्या.

पण नुसती काच फोडून आता भागत नव्हतं. समोरच्या तड्याला सरकारी कागद होता, सरांच्या तड्याला नव्हता. कागद नसलेला तडा म्हणजे बिनलग्नाचा संसार, कुणी तोंडावर बोलत नाही एवढंच. सर एसटीनं उमरग्याच्या तालुका कचेरीत गेले. तिथं एका खिडकीवरच्या बाबूनं यादी काढली.

"तुमच्या घराचं निरंक आहे."

"तेव्हा निरंक होतं. आता तडा गेलाय."

"निरंक घराला तडा जाता येत नाही, काका. यादी बंद झाली. बरं, तडा ओलीमुळं गेला का ओल तड्यामुळं आली?"

"याच्यानं काय फरक पडतो?"

"ओलीचं टेबल वेगळं, तड्याचं वेगळं. आणि तडा जाण्याआधीचा फोटो लागेल, तडा दिसेल असा."

सर परत आले. धोंडीबानं सगळं ऐकून घेतलं आणि शिपाईपणाची तीस वर्षं तोंडावर आणून म्हणाला, "अर्ज केलाच कशाला, सर? अर्ज कुनी वाचतं का? डायरेक्ट स्मरणपत्र टाका. वर लिव्हा, स्मरणपत्र क्रमांक तीन."

"अरे, पण पहिलं-दुसरं पत्र कुठंय?"

"त्येच हुडकत बसत्यात की ते!"

आणि तसंच झालं. स्मरणपत्र क्रमांक तीन पोचलं. कचेरीत दोन दिवस क्रमांक एक आणि दोनची शोधाशोध झाली, कपाटं हलली, एकमेकांकडं बोटं गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला पथकाची जीप सरांच्या दारात. महेश्वरी घाईनं आत आली, वर बघितलं आणि तिचा चेहरा उतरला.

"सर! आणि मी निरंक लिहून गेले?"

तिनं टेप वर धरला, पोचला नाही. यंत्र भिंतीला टेकवलं. पोत्यांनी काम चोख केलं होतं: टुंई, टुंई, टुंई, असं वाजलं की समोरून सिद्धाराम चप्पल न घालता धावत आला. तीनही काचा फुटलेल्या. कोंब आलेली ज्वारी. बंद पंखा. खालून पाचसहा फोटो काढून महेश्वरीनं कागद लिहिला, सही केली आणि दाराच्या चौकटीवर चिकटवला. सरांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचला, म्हणजे बोळाला ऐकू जावं: "वापरास धोकादायक. आजच्या आज रिकामे करावे."

"सिद्धारामच्या कागदावर काय आहे गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"त्यांचं नुसतं दुरुस्तीयोग्य आहे, सर."

सरांची छाती भरून आली. ती भरलेली छाती घेऊन ते आत वळले, तेव्हा महेश्वरीनं हात आडवा केला. "आत नाही, सर. रिकामं म्हणजे रिकामं. तुमची जबाबदारी माझ्यावर आहे आता."

हे 'रिकामं' काय असतं, ते सरांना त्या क्षणी कळलं. आणि दुसऱ्या क्षणी सिद्धारामनं त्यांची ट्रंक उचललेली होती.

"सर, आमचं घर काय तुमचं न्हाय व्हय? खालची खोली मोकळीच हाय. अक्का, चला तुमी."

आठ दिवस! आठ दिवस सर सिद्धारामच्या निळ्या काचांच्या मागं राहिले. त्याची बायको उमादेवी सकाळी ऊन पाणी काढून द्यायची, धपाटे वाढायची, वर दही. संध्याकाळी सिद्धारामच्या ओट्यावर सोळा माणसं जमायची आणि सिद्धाराम सरांना मानानं मधे बसवायचा. सरांनी घर सांगायला तोंड उघडलं की कुणीतरी म्हणायचं, "ऱ्हाऊ द्या सर, घराची आठवन काढू नका, तरास हुईल." समोर त्यांचा स्वतःचा ओटा रिकामा. त्यावर शेळी बसलेली. त्या शेळीचासुद्धा सरांना हेवा वाटला.

"अवो, सांगून टाका की खरं," शांताक्का रोज म्हणायची.

"सांगतो. उद्या सांगतो."

आठव्या दिवशी सकाळी गफार मिस्त्री आला. दाढी वाढलेली. आल्या आल्या त्यानं सगळ्यांसमोर सरांचे हात धरले.

"सर, आठ दिन झाले, अन्न गोड लागंना. आज चार वाजता घन घेऊन येतो. ती भिंत फोडतो. माझं चुकलं कुठं, मला माझ्या डोळ्यानं बघायचंय. चूक निघाली तर घर नव्यानं मी बांधून देनार. मजुरी हराम है मेरेको. आन् ह्या गावात परत करणी धरनार न्हाय."

महेश्वरीलाही फोन गेला. तीही चारला येते म्हणाली, पथकाच्या समक्ष फोडा म्हणाली. सरांचा धपाटा तसाच ताटात राहिला. एकीकडं तीस वर्षं उभी असलेली भिंत आणि एका म्हाताऱ्या माणसाची इज्जत, दुसरीकडं सरांची स्वतःची. खरं सांगितलं तर घर वाचणार होतं, गफार वाचणार होता, पण सर त्या बोळात पुन्हा तोंड दाखवू शकणार नव्हते. चित्रकलेच्या सरांनी भिंतीवर तडा काढला! शाळेतली पोरं जन्मभर पुरवून पुरवून खातील.

दुपारी एक वाजता बोळ जेवून आडवा झाला तसे सर शांताक्काला घेऊन मागच्या दारानं आपल्या घरात शिरले. तैलरंगावर नुसता चुना बसत नाही, म्हणून आधी काचांचे तुकडे काढून सगळं खरवडावं लागलं. पॉलिश पेपरनं, मग सुरीनं, मग पुन्हा पेपरनं. आपलीच सगळ्यांत गाजलेली कलाकृती आपल्याच हातानं खरवडणं काय असतं, ते शत्रूच्या वाट्याला येऊ नये. मग शिडीवरून चुन्याचे दोन हात, वर चुलीच्या राखेची पुडी फुंकली, म्हणजे रंग जुना दिसावा. तीन वाजता दोघं परत सिद्धारामकडं येऊन पांघरूण घेऊन पडले.

चारला अख्खा मुरुम लोटला म्हणावा. गफार घण खांद्यावर टाकून आत शिरला, मागं महेश्वरी, मागं सिद्धाराम, मागं बोळ. आणि आत सगळ्यांनी एकदम वर बघितलं.

भिंत कोरी. वरपासून खालपर्यंत सपाट.

गफारनं खाली, पोचेल तेवढ्या भिंतीवरून हात फिरवला. ठोकलं. खण्ण. महेश्वरीनं तिथंच यंत्र टेकवलं. आठ दिवस पोती नव्हती, उन्हं कडक होती, यंत्र मुकाट. "हे कसं शक्य आहे?" ती पुटपुटली.

सगळ्या माना सरांकडं वळल्या. आणि सर सावकाश बाहेर आले, आपल्या ओट्यावर आले, शेळीला उठवलं आणि आपल्या खुर्चीत बसले. खाली, पायऱ्यांवर, बोळात, समोरच्या ओट्यावर, माणसंच माणसं. सिद्धाराम पुढंच उभा, तोंड उघडं. त्याच्या घरात अजून तडा तसाच होता, आणि त्याच्या डोळ्यांत, होय, सरांनी नीट बघितलं, हेवा होता.

"भरून आला," सर म्हणाले.

"काय भरून आला?"

"तडा. जखम भरते तसा. मला पहाटेपासनंच शंका होती. दुपारी राहवेना, एकटाच गेलो. दारात उभा राहिलो. बघतो तर काय, वरून किर्रर्र असा बारीक आवाज. फाटे आधी मिटले. एकेक फाटा, पापणी मिटावी तसा. मग मधली मोठी रेघ खालून वर मिटत गेली. वर छताखालच्या पट्ट्यापाशी पोचली, तिथं जरा थांबली, आणि टच्च! बंद." सरांनी गफारकडं हात केला. "का बंद झाली? या माणसाच्या हातामुळं. पट्ट्यांनी भिंत आवळून आवळून परत जागेवर आणली. तीस वर्षांपूर्वी या हातानं जे बांधलं ते जिवंत आहे, गफार!"

गफारच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यानं घण खाली ठेवला. महेश्वरीनं वही काढली, "किती वेळ लागला, सर? साधारण?" असं विचारत लिहून घेऊ लागली. रुद्रम्मानं भिंतीच्या दिशेनं हात जोडले. धोंडीबा कुणाला काही विचारायच्या आधीच मान डोलावत होता. सिद्धाराम हळू आवाजात म्हणाला, "सर, आमच्याबी तड्यापाशी जरा येऊन हुबं ऱ्हाता का?"

आणि सरांना आता थांबता येईना. इतकी माणसं तीस वर्षांत कधी जमली नव्हती.

"तास दीड तास," ते म्हणाले. "पण सांगतो काय, असं बघायचं नशीब लागतं. मी हिला हाक मारायला धावत गेलो. म्हटलं, शांते, ऊठ, बघ, आयुष्यात परत दिसणार नाही. पण ही कसली उठते! सिद्धारामच्या गादीवर अशी ढाराढूर झोपलेली, घोरण्यानं निळ्या काचा थरथरत होत्या. चमत्कार दारात, आणि ही घोरतेय!"

बोळ खदखदून हसला. चहाचं आधण टाकायला आत निघालेली शांताक्का उंबऱ्यात थबकली, वळली आणि कमरेवर हात ठेवून सगळ्या मुरुमला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "म्या झोपले व्हते? मग दीड तास शिडी धरून हुबी कोन व्हती वो? आन् तुमी तडा खरवडून चुना मारला, त्यो समदा माझ्या डोस्क्यात पडला, त्यो काय सपनात पडला?"